फायफॉक्स आणि ट्रॅकर: अकरावीच्या गतीच्या धड्याला जून ते फेब्रुवारी वापरून

आधी निकाल सांगते, मग तपशील. फोनच्या सेन्सरवर चालणारं फायफॉक्स आणि व्हिडिओवरून गती मोजणारं ट्रॅकर, ही दोन्ही मी जूनपासून गुहागरच्या माझ्या अकरावी सायन्सच्या क्लासमध्ये वापरतेय. दोन्ही फुकट आहेत. पण एकच ठेवायचं झालं तर ट्रॅकर ठेवीन. फायफॉक्स मुलांना जास्त आवडतं, ट्रॅकरने जास्त कळतं.

फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं ॲप, २०१६ साली आलेलं. फोनमध्ये मुळातच असलेला त्वरणमापक, माइक, जीपीएस वगैरे काय मोजतायत ते आलेखावर दाखवतं आणि आकडे एक्सेलमध्ये काढून देतं. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले तर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही आलेख दिसतो. म्हणजे फोन गादीवर पडत असतो आणि वर्ग भिंतीवरचा आलेख बघत असतो. ट्रॅकर हे डग्लस ब्राउन यांनी बनवलेलं संगणकावरचं सॉफ्टवेअर. व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमवर वस्तू कुठे आहे ते आपण दाखवायचं, जागा, वेग, त्वरण ते काढतं.

सुरुवात फायफॉक्समधल्या आवाजाच्या स्टॉपवॉचने करावी. पहिला आवाज झाला की घड्याळ सुरू, दुसरा झाला की बंद. टेबलाच्या कडेबाहेर लाकडी पट्टी काढायची, टोकावर चेंडू ठेवायचा आणि पट्टीला आडवा टोला हाणायचा. टोल्याचा एक आवाज, चेंडू फरशीवर आपटल्याचा दुसरा. पट्टी जमिनीपासून बरोब्बर १ मीटरवर असेल तर ०.४५२ सेकंदाच्या जवळपास वेळ यायला हवी, आणि येते. दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागलं की ९.८, म्हणजे गुरुत्वामुळे येणारं त्वरण. पण इथे वर्ग आहे हे विसरायचं नाही. ०.४६२ आलं तर उत्तर ९.३७ वर घसरतं. दहा मिलिसेकंदांचा फरक आणि चार टक्क्यांहून जास्त चूक, त्यामुळे हातातल्या स्टॉपवॉचने हा प्रयोग का होत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. फोन स्टुलावर, टेबल आणि फरशीच्या मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही आवाज माइकपर्यंत पोचायला सारखाच वेळ घेतात. आणि जुलैत हा प्रयोग काढू नका. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की घड्याळ आपोआप सुरू होतं आणि आपोआप बंद होतं. आवाजाची मर्यादा वाढवून पाहिली तर मग पट्टीचा टोलाही त्याला ऐकू येईना.

त्वरणमापक मात्र तयारीशिवाय वर्गात आणू नये. फोन टेबलावर निवांत पडलेला असतो आणि ॲप ९.८ दाखवतं. (आपल्याकडे समुद्रसपाटीला खरा आकडा ९.७८ च्या आसपास, पण स्वस्तातला सेन्सर ९.७ ते ९.९ मध्ये काहीही सांगतो.) तोच फोन गादीवर सोडला की पडताना शून्याजवळ! पोरं चक्रावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. थांबलेल्याला त्वरण आणि पडणाऱ्याला नाही, हे पुस्तकाच्या नेमकं उलट दिसतं. सेन्सरच्या आत बारीक लवचीक पट्ट्यांवर धरलेला एक सूक्ष्म तुकडा असतो आणि त्या पट्ट्यांवर किती ताण आला एवढंच त्याला कळतं. फोन टेबलावर असताना पट्ट्या त्या तुकड्याचं वजन पेलतात. फोन पडतो तेव्हा तुकडा, पट्ट्या आणि फोन सगळंच एकत्र पडतं, मग पेलायचं काय? हे फळ्यावर काढून दाखवल्याशिवाय ॲप उघडलं तर धडा सुटण्याऐवजी गुंततो. गुरुत्व वजा करून दाखवणारा पर्यायही आहे, पण ते वजाबाकीचं काम फोन अंदाजाने करतो. हलवाहलवीत त्याच्यावर फार विसंबू नये.

दुसरी मर्यादा. त्वरण हातात आहे तर त्यावरून वेग काढू, वेगावरून अंतर काढू, असं हुशार मुलांना वाटतंच. सेन्सर ०.०२ इतका जरी कायम चुकत असला तरी मिनिटभरात वेगात सेकंदाला १.२ मीटरची आणि अंतरात ३६ मीटरची चूक साठते. फोन टेबलावरून हललेलासुद्धा नसतो! हा हिशेब मी आता मुद्दाम करून घेते, कारण वेळेचा वर्ग कुठून येतो ते त्यात दिसतं.

एसटीत मात्र हे ॲप मस्त चालतं. चिपळूणच्या वाटेवर वळणांना तोटा नाही. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर वेगाचा काटा न हलता आडवं त्वरण ३.३ दाखवायला हवं. चाल तीच, तरी त्वरण आहे, कारण दिशा बदलतेय. ही ओळ वर्गात कितीही वेळा सांगा, पोरांना ती खिडकीकडे ढकलली जाताना पटते. बस पाच अंश कलली तर गुरुत्वाचा ०.८५ एवढा भाग या आकड्यात मिसळतो, तेवढं धरून चालावं. रेल्वेत जीपीएस लावून बसलात तर कोकण रेल्वेचे बोगदे आलेख तोडून टाकतात. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत वेग कळत नाही, पण आत जायची आणि बाहेर यायची वेळ कळते. साडेसहा मिनिटं लागली असतील तर सरासरी ताशी ६०, आणि आत गाडी मध्येच हळू झाली की नाही हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. सरासरी वेगाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता ट्रॅकर. इथे मी जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला.

चेंडू नुसता सोडायचा, सेकंदाला ३० फ्रेमवाला व्हिडिओ घ्यायचा आणि दर तिसऱ्या फ्रेमवर खूण करायची. म्हणजे खुणांमध्ये एक दशांश सेकंदाचं अंतर. पहिल्या टप्प्यात चेंडू ४.९ सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५, चौथ्यात ३४.३. सगळ्यांना ४.९ ने भागा: १, ३, ५, ७. गॅलिलिओने हेच प्रमाण उतरत्या फळीवर गोळा घरंगळवून मिळवलं, कारण सरळ पडणारी वस्तू त्याच्या पाण्याच्या घड्याळाला झेपणारी नव्हती. १६३८ साली ते छापून आलं. आमच्या पोरांनी स्क्रीनवर स्वतः ठेवलेल्या टिंबांमधून हे आकडे निघतात तेव्हा वर्गात गडबड होते. माझ्या मते सगळ्या धड्यातला हाच सगळ्यात चांगला तास.

मग तिरकी फेक, किनाऱ्यावर. एकाच फेकीचे दोन आलेख निघतात: आडव्या जागेचा आलेख सरळ रेघ, उभ्या जागेचा कमान. दोन्ही दिशांचा एकमेकींशी संबंध नाही, फक्त घड्याळ एक आहे, हे मला बोलून इतकं साफ सांगता येत नव्हतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, अगदी वर चेंडू थांबतो ना, मग तिथे त्वरण शून्य?" तिलाच उभ्या वेगाचा आलेख काढायला लावला. रेघ वरून खाली सरळ उतरते, शून्याची ओळ ओलांडते आणि त्याच उताराने पुढे जाते. शून्यापाशी ना खाच, ना वाकण. तिने पट्टी लावून उतार मोजला आणि "नाही होत शून्य" म्हणून जागेवर जाऊन बसली. शिवाय तिरक्या फेकीत चेंडू वर थांबतही नाही, आडवा जातच असतो.

त्वरणाचा थेट आलेख मात्र बघू नका, तो नुसता थरथरतो. माउसने ठेवलेलं टिंब मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं आणि दोनदा वजाबाक्या केल्यावर तीच चूक फुगते. उभ्या जागेच्या आलेखावर वर्गसमीकरण बसवून घ्यायचं. वेळेच्या वर्गापुढचा आकडा उणे ४.९ च्या जवळ आला की काम झालं.

तो ४.९ च्या जवळ नसेल तर बहुतेक वेळा ट्रॅकरला माप कळावं म्हणून व्हिडिओत ठेवलेली मीटरपट्टी चुकीच्या जागी असते. पट्टी कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर आणि चेंडू २.७ मीटरवर असेल तर चेंडूची हालचाल मोठी दिसते आणि ९.८ चं १०.९ होतं. पट्टी चेंडूच्याच रेषेत हवी, फोन तिवईवर हवा. केशरी चेंडू घ्या, पांढरा लाटांच्या फेसात हरवतो आणि ट्रॅकरची आपोआप शोधायची सोय भलत्याच बुडबुड्यामागे धावते. संध्याकाळी उजेड कमी झाला की चेंडूच्या जागी लांबट पुसट पट्टा उमटतो. सकाळी नऊ-दहाचं ऊन उत्तम, वाराही तेव्हा बेताचा.

वाऱ्याचं सांगायचं तर दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पुस्तकातलं एक विधान हमखास मोडतं. ३० आणि ६० अंशांच्या फेकी सारख्याच अंतरावर पडतात, हवा नसेल तर. सेकंदाला २० मीटरने फेकल्या तर दोन्ही ३५ मीटरवर. पण ३० अंशांची फेक २ सेकंद हवेत असते, ६० ची साडेतीन. वाऱ्याला दीड सेकंद जास्त मिळतो आणि टेनिसचा चेंडू वजनाला हलका. फेकी सारख्या पडत नाहीत, कमानही दोन्हीकडे सारखी राहत नाही, उतरती बाजू जास्त उभी होते. मला हा तोटा वाटत नाही. आडव्या जागेची रेघ किंचित वाकलेली दिसली की हवेचा विरोध शिकवायला आयतं निमित्त मिळतं.

सापेक्ष वेगासाठी पुन्हा फायफॉक्स, आणि जागा धोपावे-दाभोळ फेरीबोट. ओहोटीला वाशिष्ठीचं पाणी समुद्राकडे ओढतं, तेव्हा दाभोळहून निघालेली बोट तोंड खाडीच्या आतल्या बाजूला वळवून चालते. फोनवर जीपीएसचा माग मात्र धोपाव्याकडे सरळ जाताना दिसतो. समजा, बोट पाण्यात सेकंदाला ३ मीटर जाते आणि ओढ १ मीटरची आहे. तोंड साडेएकोणीस अंश वळवावं लागेल आणि पलीकडे सरकायचा वेग २.८३ उरेल. बोटीवरच्या एका खलाशाला पोरांनी हा कोन विचारला. तो म्हणाला, "अंश नाय माहीत. पाणी बघायचं नि धरायचं."

घेण्याआधी एवढं बघा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये वायुदाबमापक नसतो, त्यामुळे हवेच्या दाबावरून उंची काढायचा लिफ्टचा प्रयोग होत नाही. (आमच्याकडे लिफ्ट तरी कुठे आहे म्हणा.) ट्रॅकरला संगणक लागतो आणि फोनचा व्हिडिओ कधीकधी फ्रेमचा वेग मध्येच बदलतो, म्हणून खुणा करण्याआधी फ्रेमच्या वेळा तपासा. एका फेकीचं सगळं काम नीट करायला पूर्ण तास जातो. सीईटीच्या गुणांसाठी म्हणून हे घेणार असाल तर घेऊ नका, तिथे गणितं सोडवण्याची गती लागते आणि ती यातून येत नाही. पावसाळ्यात किनारा बंदच असतो, म्हणून चांगल्या उजेडातले फेकींचे व्हिडिओ मी पेनड्राइव्हवर साठवून ठेवलेत. पुढच्या जूनच्या बॅचला त्यांवरच खुणा करायला देणार आहे.