शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना: सोलापुरातील एका अर्जसेवेविषयी

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात दाखले, उतारे आणि प्रतिज्ञापत्रे करून देणाऱ्या टेबलांची वाण नाही. शस्त्र परवान्याचे काम मात्र त्यांतले फार थोडे लोक घेतात, आणि जे घेतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न "रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?" असाच असतो. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे तिथे हा प्रश्न सर्वांत शेवटी आला, आणि तेवढ्यासाठीच ती इतरांपेक्षा उजवी वाटली. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार मिळून ती चालवतात. पहिले कागदपत्रे पाहतात, दुसरे शस्त्राविषयीचे प्राथमिक मार्गदर्शन करतात. पुढे त्यांच्याविषयी काही तक्रारीही मांडायच्या असल्याने नाव देत नाही.

आमची जमीन करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यालगत आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की उसाला पाणी देण्यासाठी अंधारातच बांधावर जावे लागते, आणि रानडुकरांचा कळप एकदा फडात शिरला की सकाळी मोडलेल्या उसाचा पट्टाच दिसतो. त्यात डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच तालुक्यात बिबट्याने तीन माणसांचा बळी घेतला आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर हातात काहीतरी असावे असे वाटणाऱ्यांची संख्या गावोगाव वाढली. ही भावना खरी आहे. पण तिच्या भरात बहुतेक जण जे शस्त्र मागायला जातात, ते या कामाचे नाही. कमरेला लावायचे छोटे शस्त्र मिरवायला बरे. रात्रीच्या उसात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

या सेवेतले सुभेदार हेच पहिल्या भेटीत सांगतात. माझ्या आधी बसलेले एक गृहस्थ रिव्हॉल्व्हरचाच आग्रह धरून होते. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिले होते की कॅनडात जंगलात सापळे लावणाऱ्यांना पिस्तूल जवळ बाळगण्याची परवानगी मिळते, मग शेतकऱ्याला का नाही? सुभेदारांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मालक, तिकडं सापळे लावणं हा परवान्याचा धंदा आहे, आणि अस्वलापासून जीव वाचवायला ती परवानगी असते. आपल्याकडं सापळा लावला तर तीच शिकार धरतात. अर्जात तो शब्दसुद्धा लिहू नका." दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. कॅनडात प्रांताचे मुख्य शस्त्र अधिकारी व्यावसायिक सापळेकऱ्यांना आणि दुर्गम रानात काम करणाऱ्यांना अशी मुभा देऊ शकतात. आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये मात्र शिकारीच्या व्याख्येतच वन्य प्राणी पकडणे आणि सापळ्यात अडकवणे येते. गृहस्थांचा चेहरा उतरला, पण चुकीच्या अर्जावर होणारा खर्च वाचला.

कायद्याचा कलही तसाच आहे, आणि कारकुनांनी तो ज्या पद्धतीने समजावला ती या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत (आत आटे नसलेल्या) नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर पीकसंरक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर मात्र दुसऱ्या वाटेने जातात, जिथे अधिकाऱ्याला 'पुरेसे सबळ कारण' दिसावे लागते. शेतात रानडुकरे येतात हे बंदुकीसाठी सबळ कारण आहे. कमरेच्या शस्त्रासाठी ते कसे पुरणार, याचे उत्तर अर्जदारालाच द्यायचे असते. हे ऐकल्यावर मी बारा बोअरच्या दुनळीसाठी, म्हणजे दोन गुळगुळीत नळ्यांच्या बंदुकीसाठी, अर्ज करायचे ठरवले.

कागदपत्रांची बाजू त्यांनी नेटकी सांभाळली. व्यक्तीचा अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो. सोबत ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे आणि व्यसनाधीनता नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. वय २१ पूर्ण असावे लागते, हे आमच्या धाकट्या भावाला तिथेच कळले. माझा सात-बारा हातात घेऊन कारकुनांनी गट क्रमांकाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली, पीकपाहणीच्या रकान्यात ऊस नोंदला आहे का ते पाहिले आणि मागच्या दोन हंगामांत नुकसानीचे पंचनामे झाले होते का, असे विचारले. झाले होते, ते जोडले. शेताची नोंद आणि नुकसानीची नोंद एकमेकींशी जुळली की चौकशीला आलेल्या पोलिसांनाही अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबावे लागत नाही. अर्ज कोणाकडे जातो हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले: सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शहरात राहणाऱ्या पण शेती तालुक्यात असणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

याच संदर्भात माझ्या मेहुण्यांचे काम पाहण्यासारखे होते. त्यांचे शेत नान्नजच्या जवळ आहे, आणि माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याची हद्द तिथून लांब नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. दुसऱ्या एका केंद्राने त्यांचा अर्ज हा मुद्दा न पाहताच भरला होता आणि तो अडकून पडला होता. इथल्या कारकुनांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर कंपासने हद्दीपासूनचे अंतर मोजले आणि स्पष्ट सांगितले की संमतीशिवाय हे प्रकरण पुढे सरकणार नाही, आणि संमती कधी मिळेल याचा शब्द आपण देऊ शकत नाही. "ओळख आहे, करून देतो" हे वाक्य या कचेरीत मी ऐकले नाही. उत्तर सोलापूर आणि मोहोळकडच्या शेतकऱ्यांनी अर्जाआधी एवढे एक तरी जरूर तपासून घ्यावे.

आता सुभेदारांच्या मार्गदर्शनाविषयी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र यांना महत्त्व दिले आहे. प्रमाणपत्र अधिकृत प्रशिक्षकाकडूनच घ्यावे लागते आणि ही सेवा ते देत नाही. देत असल्याचा दावाही करत नाही. पण प्रशिक्षणाला जाण्याआधी सुभेदार जो तासभर घेतात, तो मला फीइतकाच मोलाचा वाटला. त्यांच्याकडे लाकडी नमुना आणि रिकामी काडतुसे आहेत. नमुना हातात दिल्याबरोबर माझे बोट सवयीने चापावर गेले, तसे त्यांनी ते उचलून बाजूच्या लाकडावर ठेवले आणि पुढचा तास जेव्हा जेव्हा बोट सरकले तेव्हा काही न बोलता पुन्हा तेच केले. बांध ओलांडताना आणि तारेच्या कुंपणाखालून जाताना दुनळी मोडून काडतुसे काढायची, मग आधी बंदूक पलीकडे, नंतर माणूस. घरात काडतुसे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपांत. उसाच्या फडाकडे तोंड करून बार काढायचाच नाही, कारण पलीकडच्या सरीत कोण पाणी देत उभे आहे हे रात्री कळत नाही. हा शेवटचा नियम शेतकऱ्यालाच सुचू शकतो. सुभेदार मंगळवेढ्याकडचे शेतकरी आहेत, हे मला नंतर कळले.

परवाना मिळाला म्हणजे प्राणी मारण्याची मुभा मिळाली, हा गैरसमज त्यांनी आवर्जून दूर केला. रानडुकराच्या बाबतीत वनखात्याच्या परवानगीची वाट वेगळी आहे, आणि ती हातात नसेल तर बंदुकीचा उपयोग हवेत बार काढून कळप हुसकावण्यापुरताच धरावा. बिबट्या आणि काळवीट हे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एक मधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी. खरोखरच जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, पण ते सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा आपण वनाधिकाऱ्यांसमोर उभे असतो आणि मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. लग्नात किंवा मिरवणुकीत बेफिकिरीने बार काढणाऱ्याला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या भागात हे मोठ्या अक्षरांत लिहून लावण्याची गरज आहे.

तक्रारी तीन आहेत. पहिली म्हणजे अर्जातील कारणांचा मजकूर. तो त्यांच्या संगणकात तयारच असतो आणि नाव-गाव बदलून सर्वांना तोच दिला जातो. माझ्या मसुद्यात, कधीही न पाहिलेल्या नीलगाईंनी माझी ज्वारी खाल्ली होती. मी तो परिच्छेद खोडून स्वतः लिहिला, आणि त्यांनी तो कुरकुर न करता टंकून दिला. पण ज्याला स्वतःला लिहिता येत नाही त्याचा अर्ज त्या तयार मजकुरासह पुढे जातो, आणि चौकशीत नीलगाय कुठे दिसली असे विचारले की बिचारा अडकतो. दुसरी तक्रार पैशांची. सुरुवातीला सांगितलेल्या साडेचार हजारांत छायाप्रती, प्रतिज्ञापत्र आणि ऑनलाइन नोंदणीचे शुल्क धरलेले नव्हते. ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर नंतर आले. रक्कम मोठी नव्हती, पण आधी सांगायला काय हरकत होती? तिसरी तक्रार पाठपुराव्याची. पोलीस ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय घ्यावा असे नियम सांगतात. अर्ज दाखल होईपर्यंत रोज फोन उचलणारे कारकून त्यानंतर मात्र दोन-दोन दिवस भेटत नाहीत. अहवाल कुठवर आला हे मला ठाण्यात जाऊनच विचारावे लागले.

ज्याला स्वतः ऑनलाइन अर्ज भरता येतो, ज्याची जमीन अभयारण्यापासून लांब आहे आणि ज्याच्याकडे पंचनामे आहेत, त्याने या सेवेवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. सुभेदारांच्या त्या तासाचे वेगळे पैसे देता येतात, तेवढे जरूर द्यावेत. ज्याचे प्रकरण कलम ३४ मध्ये येते किंवा ज्याचा अर्ज एकदा नाकारला गेला आहे, त्याने जावे, कारण नाकारण्याची लेखी कारणे मागणे आणि मुदतीत अपील करणे हे काम कारकून चोख करतात.

परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा असतो. ही आठवण करून देण्यासाठी ही मंडळी आजच पाचशे रुपये आगाऊ मागतात. मी दिले नाहीत. परवान्यावरची तारीख घरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.