व्हिनाइल स्प्रेने पद्मिनीची दारं मरून केली; पॅड टिकली, ड्रायव्हरचं आर्मरेस्ट नवतप्यात सोललं

माझ्या पद्मिनीच्या दारांची आतली पॅड आणि आर्मरेस्ट मी हिवाळ्यात व्हिनाइल स्प्रेने मरून केली. ड्रायव्हरच्या दाराचं आर्मरेस्ट नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हात, सोललं. कोपर टेकतं नेमकं तिथे रंग आधी चिकट झाला, मग नखाने पापुद्रा निघाला आणि खालचा जुना बिस्किट रंग उघडा पडला. त्याच दाराचं पॅड, त्याच डब्यातला रंग, आणि त्यावर एक ओरखडा नाही. स्प्रे विकणाऱ्याने "तुमची सफाई कमी पडली" म्हणून हात वर केले. हे उत्तर मला पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीत हा रंग मारणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न येणार.

आधी हिशेब. गाडी प्रीमियर पद्मिनी. पॅड हार्डबोर्डवर रेग्झिन चढवलेली. स्प्रे बाहेरून येणारा, व्हिनाइलसाठीच बनवलेला, ३१२ ग्रॅमचा डबा १,४५० रुपयांना. चार पॅडना तीन डबे संपले. चौथ्यात चार आर्मरेस्ट आणि दोन सनव्हायझर झाले. एकूण ५,८००. सीट कव्हरवाल्याने नवीन रेग्झिनचे ६,००० सांगितले होते, वर "कायले रंगाच्या भानगडीत पडता भाऊ" हा सल्ला फुकट. म्हणजे पैसे वाचतात म्हणून हा रंग घेऊ नका, वाचत नाहीत. जुन्या पॅडवर गरम दाबाने उठवलेल्या रेघा असतात. नवीन रेग्झिनवर त्या जागी शिलाई येते आणि दाराचा मूळ चेहरा जातो. तो चेहरा राखायचा असेल तरच हा खर्च.

साधा ऑइल पेंट किंवा बॉडीचा स्प्रे इथे चालत नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. हे प्लास्टिसायझर हळूहळू वर येत राहतं आणि साध्या पेंटला कायम चिकट ठेवतं. शिवाय पेंटची पापडी वाकत नाही, तडकते. व्हिनाइल स्प्रेमधलं सॉल्व्हंट वरचा थर किंचित मऊ करून रंग त्यात बसवतं, आणि सुकलेला रंग रेग्झिनबरोबर वाकतो. म्हणूनच पृष्ठभागावर दुसरं काही असलं की सगळा खेळ बिघडतो.

पॅड गाडीवरून उतरवूनच रंगवा. काच खालीवर करायच्या हँडलमागची वाटी आत दाबली की पिन दिसते, ती बारीक पंचने ढकलायची. आर्मरेस्टचे स्क्रू काढून प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने क्लिपा उचलायच्या. स्क्रूड्रायव्हर घातला तर हार्डबोर्डची भोकं फाटतात आणि मग पॅड आयुष्यभर खडखडतं. गंजलेल्या क्लिपा तेव्हाच बदला. मागचं पॉलिथिन फाटलेलं असेल तर नवीन लावा, नाहीतर पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी हार्डबोर्डला फुगवेल. क्रोमची पट्टी निघत नसेल तर तिच्याखाली जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सरकवून वरून मास्किंग टेप लावा.

सफाईवर मात्र जितका वेळ घालाल तितका कमी. आपल्याकडे गाडी धुतली की डॅशबोर्ड पॉलिश मारायची सवय आहे आणि त्यातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. सिलिकॉन राहिलं की रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड सोप, रेघांच्या खाचांत टूथब्रश. मग करडा स्कॉचब्राइट हलक्या हाताने फिरवा. स्वयंपाकघरातला हिरवा घेऊ नका, त्याचे ओरखडे रंगातूनही दिसतात. पूर्ण सुकल्यावर वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. फडका प्रत्येक पुसण्याला नवीन घ्या, तोच फडका फिरवला तर सिलिकॉन फक्त जागा बदलतं. शेवटी पाण्याची परीक्षा: पॅडवर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब गोळा होऊन बसले तर सगळं पुन्हा. ही परीक्षा न करता डबा उघडू नये.

हंगामाचं नागपूरकरांनी जास्त ऐकावं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना सॉल्व्हंट हवेतच उडतं आणि पॅडवर रंगाची कोरडी भुकटी बसते. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, तोही सकाळी अकरा ते दुपारी तीन, कारण डिसेंबरच्या थंड सकाळी डब्याचा दाब कमी पडतो आणि नोझल थुंकतं. कूलर चालू असलेल्या खोलीत तर कधीच नाही. ओलावा आणि खसचे तुसे दोन्ही रंगात बसतात. उघड्या गच्चीवर धूळ, म्हणून एक बाजू उघडी असलेलं पोर्च सगळ्यात बरं. तोंडाला कापडी मास्क नको. सॉल्व्हंटच्या वाफेसाठी कार्बन काडतूसवाला मास्क लागतो. जवळपास गॅस, उदबत्ती, काहीही पेटतं नको.

मारण्याची पद्धत सोपी आहे. डब्यातली गोळी वाजू लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा रंग दिसत राहिला पाहिजे. मग दहा-दहा मिनिटांनी तीन हात. बिस्किटवर मरून म्हणजे फिक्यावर गडद, तरीही लाल छटा पारदर्शक असतात म्हणून चौथा हात लागला. काळ्यावर बिस्किट करायला जाल तर डबे दुप्पट धरा, आणि घासलं जाईल तिथे काळा डोकावेल. खाचांत स्प्रे पोचत नाही. टोपणात थोडा रंग फवारून मऊ कुंचल्याने पहिल्या हाताआधीच त्या भरून घ्या. डबे एकाच बॅचचे घ्या, तळाचा नंबर जुळवून. माझ्या तीन डब्यांत एक वेगळ्या बॅचचा निघाला आणि मागच्या उजव्या दाराची छटा उन्हात किंचित तपकिरी दिसते. १,४५० रुपये घेऊन हे व्हायला नको होतं.

हिवाळा संपेपर्यंत या रंगाला मी पाचपैकी पाच दिले असते. रेग्झिनचा पोत बुजला नाही, रंगवल्याचं सांगितल्याशिवाय कळत नाही, ओला पांढरा रुमाल घासला तरी मरून उतरला नाही. बोटाच्या टोकाने पाहिलं तर दाणा तसाच लागतो, ही गोष्ट नवीन रेग्झिनमध्ये मिळत नाही.

मग उन्हाळा आला आणि आर्मरेस्ट सोललं. चारही आर्मरेस्टची सफाई सारखी होती, पाण्याची परीक्षा चारही उत्तीर्ण झाली होती. मागची दोन ठणठणीत, पुढचं डावं थोडं चिकट, ड्रायव्हरचं सोललेलं. सफाई कमी पडली असती तर हा क्रम लागला नसता. हा क्रम वापराचा आहे: कोपर, घाम, खोबरेल तेल लावून केसांवरून फिरलेला हात, आणि उजव्या खिडकीतून येणारं ऊन.

उतरवलेल्या आर्मरेस्टवर पांढरा टिश्यू बांधून भर दुपारी उन्हात ठेवला. काढला तेव्हा कोपराच्या जागी टिश्यूवर पिवळसर तेलकट डाग होता, बाकी टिश्यू कोरडा. पापुद्र्याची खालची बाजूही चिकट. म्हणजे वर्षानुवर्षांचं तेल व्हिनाइलच्या आत मुरलेलं आहे, व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझरही त्याच्याबरोबर येतं, आणि गाडी तापली की ते खालून वर येऊन रंगाला ढकलतं. वरवर पुसून हे निघत नाही, आणि थंडीतल्या पाण्याच्या परीक्षेत ते दिसतही नाही. डब्यावर याबद्दल एक ओळ नाही. विकणाऱ्याला ठाऊक असेल तर सांगायला हवं होतं, ठाऊक नसेल तर सफाईचं नाव पुढे करायला नको होतं. भांडून शेवटी अर्ध्या डब्याचे पैसे परत मिळाले.

त्यावर दोन उपाय करून पाहिले. एक म्हणजे रंग काढून आर्मरेस्ट उन्हात तापवणं, गरम असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, पुन्हा तापवणं, टिश्यू कोरडा निघेपर्यंत. पुढच्या डाव्या आर्मरेस्टला एवढं पुरलं, आता ते ठीक आहे. ड्रायव्हरच्या बाजूला डाग येतच राहिला, तेव्हा त्यावर रंगाचा नाद सोडून जुळत्या मरून रेग्झिनचा तुकडा चढवून घेतला, ३५० रुपयांत. पॅडशेजारी छटा अगदी एक नाही, पण हात तिथे असल्यामुळे नजर जात नाही. हाताला सॅनिटायझर लावून लगेच आर्मरेस्ट धरू नका, अल्कोहोलने नवा रंग मऊ पडतो.

सीटच्या बसायच्या भागावर हा स्प्रे मारू नका. तिथे घसट आणि घडी दोन्ही रोजची, आणि तिथे रेग्झिनवालाच योग्य. डॅशच्या वरच्या पॅडवर मारायचाच तर मॅट आणि गडद. फिका रंग पुढच्या काचेत उमटतो आणि दुपारच्या उन्हात समोरचं दिसत नाही. सनव्हायझर छान होतात, फक्त कडेची शिलाई रंगते हे मनाची तयारी करून घ्या.

एक आठवडा पॅडला पाणी, पॉलिश काही नको. नंतर फक्त ओलं फडकं आणि सौम्य साबण. धुलाई सेंटरला गाडी दिली तर "आतून पॉलिश नको" हे आधी सांगा आणि समोर उभं राहा. त्यांच्या हातातल्या फडक्यातच सिलिकॉन असतं, आणि पुढे कधी दुरुस्तीचा हात मारायचा झाला तर पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं.

पॅडसाठी पुन्हा घेईन, बॅच नंबर डोळ्यांनी पाहूनच. ड्रायव्हरच्या आर्मरेस्टसाठी पहिल्याच दिवशी ३५० रुपये रेग्झिनवाल्याला द्या.