धाकटीची कोणती तपासणी करायची? फास्टिंग, एचबीएवनसी, जीटीटी की अँटिबॉडी

थोरल्याला टाइप १ मधुमेह निघाला आणि महिन्याभरात सगळे म्हणायला लागले, "धाकटीचंही एकदा बघून घ्या." काय बघायचं, ते मात्र कुणी सांगेना. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच-सहा.

कोथरूडमधल्या आमच्या लॅबने सरळ फास्टिंग शुगर केली. स्वस्त आहे, कुठेही होते, पण या कामाला सगळ्यात निरुपयोगी. थकत चाललेलं स्वादुपिंडही रात्रीपुरतं इन्सुलिन बरेच दिवस पुरवतं. सकाळी ८८ आली की आपण निर्धास्त!

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. तिला उपाशी राहावं लागत नाही, पण मुलांमधला सुरुवातीचा बिघाड त्यात उशिरा दिसतो. अंगात लोह कमी असेल तर आकडा उगाच वर जातो. थॅलेसेमिया मायनरमध्येही त्यावर विसंबता येत नाही. पिंपरीतल्या सिंधी घरांनी तर हे आधी विचारावंच.

जीटीटी, म्हणजे ग्लुकोजचं पाणी पाजून नंतर रक्तातली साखर बघणं, खरी परीक्षा घेते. एकदम साखर पाजली की तिला लगेच उत्तर देणारं इन्सुलिन या आजारात लवकर मंदावतं. वजनाच्या दर किलोला १.७५ ग्रॅम ग्लुकोज, जास्तीत जास्त ७५. दोन तासांनी साखर १४० ते १९९ म्हणजे बिघाड सुरू, फास्टिंग नॉर्मल असली तरी. पण मुलांचे हाल होतात. आमची बावीस किलोची, म्हणजे साडेअडतीस ग्रॅम. अर्धा ग्लास प्यायली आणि बाकावरच भडाभडा ओकली. सकाळ वाया. पुढच्या वेळी पाणी गार करून नेलं आणि सुरुवातीलाच कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावून घेतली, म्हणजे दरवेळी सुई नको.

शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलं की रक्तात अँटिबॉडी दिसतात. त्यांच्या तपासणीला एकदाच रक्त, उपाशीही नको. महाग मात्र आहे, आणि आमचा रिपोर्ट यायला आठवडा गेला. या अँटिबॉडी चार प्रकारच्या; नुसती जीएडी करून थांबू नका. आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिनविरुद्धचीही करा. लहान मुलांत शेवटचीच बरेचदा आधी उमटते. दोन किंवा जास्त निघाल्या तर दहा वर्षांत शंभरातल्या सुमारे सत्तर मुलांना मधुमेह होतो. एकच असेल तर पंधरा-एक जणांना.

माझ्या मते आधी अँटिबॉडी. दोन निघाल्या तरच जीटीटी, तीही डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने. अशा मुलात एचबीएवनसीही जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून बघावं: ५.० चं ५.५ झालं, तर "नॉर्मल" लिहिलेलं असलं तरी विचारा. एकही निघाली नाही तर जीटीटीचा छळ नको. लहान वयात अँटिबॉडी पुन्हा कधी करायची, तेवढं विचारून ठेवा.

"कळून उपयोग काय?" असं सासूबाई म्हणाल्या. अमेरिकेत २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली; आजार ते साधारण दोन वर्षं लांबवतं, कायमचा टाळत नाही. आमचा हिशेब साधा होता: थोरला बेशुद्ध पडायच्या बेतात असताना कळलं, तसं परत नको.

आणि धाकटी अचानक घटाघटा पाणी प्यायला लागली किंवा पुन्हा गादी ओली करू लागली, तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघायची नाही. थोरल्याचा ग्लुकोमीटर घरात आहेच. नवी सुई लावून तिथल्या तिथे बघायचं, आणि २००च्या वर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.