मागचा डेक उंच केला, त्याला अकरा महिने झाले

गेल्या ऑगस्टात आईच्या चपला डेकवर तरंगायला लागल्या, तेव्हाच हे लिहायला बसलो होतो. पण रागात होतो, आणि रागात लिहिलेलं माझं सगळं शेवटी इपॉक्सीच्या (लाकूड-फायबरग्लासवर चढवायच्या रेझिनच्या) किमतीवर जाऊन थांबतं. आता एक उन्हाळा आणि एक अख्खा कुजकट हिवाळा काढून झालाय, म्हणून लिहितो.

आमची बोट. सत्तरच्या दशकातली २३ फुटी फायबरग्लासची क्रूझर, रुंदी ६ फूट १० इंच, मागच्या खाचेत आउटबोर्ड इंजिन. मुक्काम इंग्लंडातल्या ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टरकडच्या फाट्यावर. फॉक्सटनचे दहा लॉक (बोट वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या पायऱ्या) चढलं की पुढे वीसेक मैल एकही लॉक नाही, फक्त पाणी, मेंढ्या आणि दोन बोगदे. मी त्या वीस मैलांसाठीच बोट पाळलीय.

जुना डेक का काढला ते थोडक्यात. तो डेक नव्हताच, तळाच्या पोकळीवर टाकलेली फळी होती. पाऊस पडला की पाणी सरळ खाली बिल्जमध्ये, म्हणजे त्या पोकळीत, आणि तिथून बाहेर काढायचं काम पंपाचं. पंप बॅटरीवर, बॅटरी माझ्या आठवणीवर. दोन आठवडे गेलो नाही की बॅटरी झोपलेली आणि आत घोटाभर पाणी. वर प्लायवूड सडलेलं. रुपयाचं नाणं घेऊन ठोकत गेलो तर अर्ध्या जागी 'टक' आणि अर्ध्या जागी 'धप'. उचकटल्यावर कळलं की पूर्वीच्या मालकाने वरून फायबरग्लास चढवलं होतं, खालची बाजू मात्र उघडीच ठेवली होती. त्यात सीटचे स्क्रू थेट लाकडात. पाणी स्क्रूच्या भोकातून आत शिरायचं आणि आतच मुरायचं. लाकूड ओल्या बिस्किटासारखं हातात आलं.

म्हणून ठरवलं, डेक १४ सेंटिमीटर उंच करायचा, चारी बाजूंनी बंद करायचा, आणि पावसाचं पाणी मागच्या भिंतीतल्या दोन भोकांतून आपोआप कालव्यात जाऊ द्यायचं. पंप नको, बॅटरी नको, आठवण नको. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी बायकोला रविवारी सकाळी उठवून दाखवलं. ती म्हणाली, "भोकं पाडणार? बोटीला?" आणि परत झोपली.

आधी प्लायवूडचं भांडण सांगतो, कारण ते अजून पोटात आहे. १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय (बोटींसाठीचं प्लायवूड) मागवलं, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा शिक्का असलेलं. दोन तक्ते, घरपोच. कापताना एका कडेचे थर किंचित सुटल्यासारखे वाटले. मरीन प्लायमधला गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, त्याची खरी परीक्षा तीच. मग मी काय केलं, कापलेले दोन तुकडे कुकरमध्ये टाकले आणि चार शिट्ट्या काढल्या. एक तुकडा जसाच्या तसा. दुसरा पत्र्याच्या डब्यातल्या खारीसारखा पदर पदर सुटून वर आला. फोटो काढून विक्रेत्याला पाठवले. त्याचं उत्तर, कापलेला माल परत घेत नाही, आणि आमचं लाकूड शिजवण्यासाठी नसतं. तीन आठवडे पत्रापत्री केली. शेवटी एका तक्त्याचे निम्मे पैसे मिळाले. कुकर मात्र महिनाभर वासाचा राहिला, आणि त्याचे पैसे कोणी दिले नाहीत.

इपॉक्सीबद्दल मत बदललंय, तेही नोंदवतो. सुरुवातीला मी पॉलिएस्टर रेझिनच्या बाजूने होतो, स्वस्त म्हणून. पण पन्नास वर्षांच्या जुन्या फायबरग्लासला नवं पॉलिएस्टर धड चिकटत नाही, इपॉक्सी चिकटतं. त्यामुळे निमूटपणे जास्तीचे पैसे मोजले. काचेच्या धाग्यांचं कापड विणलेलं घेतलं, कारण सुट्या धाग्यांची साधी चटई बांधून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि ती कोपऱ्यात नीट बसत नाही. मिसळायला श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले. लहान घाणे करा. मी घाईत एकदा अख्खा डबाभर केला, दहा मिनिटांत तो तापून धुरावला आणि डबा वितळला. आम्रखंडाचा डबा होता, मुलगा अजून विचारतो.

प्लायच्या खालच्या बाजूला आधी दोन हात, मग कडांना तीन, मग वरून कापड. प्रत्येक स्क्रूच्या जागी मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरलं आणि वाळल्यावर त्यातच बारीक भोक पाडलं. म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. कंटाळवाणं काम आहे. ३४ स्क्रू. पण अकरा महिन्यांनी नाणं ठोकलं तर सगळीकडे 'टक'. या एका बाबतीत मी स्वतःला पूर्ण गुण देतो.

आणि आता भोकं.

पहिले दोन महिने मी त्या भोकांच्या प्रेमात होतो. ३८ मिलिमीटरची दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाऊस आला की मी मुद्दाम बोटीवर जाऊन उभा राहायचो आणि पाणी वळसा घेत कसं बाहेर जातं ते बघायचो. शेजारच्या लोखंडी नॅरोबोटीवरचे (लांब, अरुंद कालवाबोटीवरचे) आजोबाही येऊन बघून गेले. ते काही बोलले नाहीत, फक्त "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मला ऑगस्टात कळला.

आई-बाबा आले. मागे आई खुर्चीत, बाबा आणि बायको बाकावर, मी सुकाणूला, मुलगा पायात. चकल्यांचा डबा फिरतोय, सॅडिंग्टनचा बोगदा नुकताच मागे पडलाय. आई म्हणाली, "अरे, इथे पाणी सांडलंय का?" मी म्हटलं पावसाचं असेल. पाऊस दोन दिवस नव्हता. बघतो तर दोन्ही भोकांतून कालवा शांतपणे वर येत होता, आणि आईच्या चपला बाकाखालून निघाल्या होत्या. "बोट बुडतेय का?" हे तिने इतक्या सहज विचारलं, जणू दूध उतू जातंय का.

बुडत नव्हती. बंद डेकवरून पाणी खाली जात नाही, हा त्यातला दिलासा. मी बाबांना पुढे केबिनमध्ये पाठवलं, तसं पाणी ओसरलं.

त्या रात्री मालवणला मामाला फोन केला. त्याची मासेमारीची होडी फायबरची आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, जावक वाट दिलंस तर येवक पण दिलंस मां." इंजिनिअरिंगची चार वर्षं तिथेच पाण्यात गेली.

मग मोजमाप केलं, जे आधी करायला हवं होतं. मागच्या भिंतीवर बाहेरून मास्किंग टेप लावला आणि माणसं एक एक करून उभी केली. मी एकटा असताना भोकाची खालची कड पाण्यापेक्षा ७० मिलिमीटर वर. दर मोठ्या माणसामागे मागची बाजू सुमारे २५ मिलिमीटर खाली बसते. म्हणजे चौथा माणूस आला की संपलं. माझं गणित चुकलं ते असं की मी संपूर्ण बोट किती बुडेल ते काढलं होतं. पण वजन मागे आलं की बोट सी-सॉसारखी मागेच बसते, आणि माझी भोकं नेमकी त्या टोकाला.

दुसरी गंमत यातूनच कळली. डेकचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. पाणी अडलं आणि त्यावर एक इंच साठलं तर साधारण ६४ किलो. म्हणजे एक इंच पाऊस म्हणजे मागे एक पाहुणा, आणि तो चकलीसुद्धा खात नाही.

उपाय क्रमांक एक, रबरी झडपा. पाणी बाहेर जाऊ देतात, आत येऊ देत नाहीत. दोन मिळून ४४ पौंड. सप्टेंबरभर छान चालल्या. ऑक्टोबरात विलोच्या झाडांची पानं पडायला लागली. विलोचं पान लांब, अरुंद, आणि झडपेच्या फटीत अडकण्यासाठीच घडवलेलं. पान अडकलं की झडप उघडी राहते, पाणी आत. किंवा पान भोकावर आडवं बसतं, पाणी बाहेर जात नाही. दोन्ही झालंय, एकाच शनिवारी.

उपाय क्रमांक दोन, मागच्या दोन्ही बॅटऱ्या पुढे नेल्या. मिळून पन्नासच्या वर किलो. वायर जाड घ्यावी लागली, ती महाग. पण मागची बाजू वीस मिलिमीटरच्या आसपास वर आली. खरा उपाय हाच होता, आणि तो फायबरग्लासचा नव्हताच.

उपाय क्रमांक तीन, दोन्ही भोकांना सिंकचं रबरी बूच, ६० पेन्सचं. पाहुणे आले की लावायचं, गेले की काढायचं. मला सगळ्यात आवडलेला. पण नोव्हेंबरात एकदा काढायला विसरलो. नऊ दिवसांनी गेलो तर डेकचं टब झालेलं, त्यात एक बदक. सगळं पुन्हा माझ्या आठवणीवरच येऊन ठेपलं. बुचाला आता बोटीच्या किल्लीची दोरी बांधलीय. बूच काढल्याशिवाय किल्ली हाती येत नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट गंभीरपणे. बंद डेकखाली ऐसपैस रिकामी जागा तयार होते आणि तिथे टाकी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचून राहते. माझी टाकी वेगळ्या कप्प्यात आहे, त्याच्या तळाला बाहेर जाणारं स्वतःचं भोक आहे. सुरक्षा प्रमाणपत्राची तपासणी दर चार वर्षांनी असते. यंदा तपासनीस आले आणि वाकून थेट त्या भोकाकडेच बघत बसले. तेही पाण्याच्या वर राहायला हवं ना. बॅटऱ्या पुढे गेल्या होत्या म्हणून वाचलो.

बाकीचं भराभर. न घसरणारा रंग घरीच केला, ओल्या रंगावर वाळू भुरभुरवून. उन्हाळ्यात त्याला शिव्या दिल्या, मुलाचे दोन्ही गुडघे सोलले. जानेवारीत लॉकजवळ दव गोठलेलं असताना दोरी घेऊन उडी मारली आणि पाय जिथे टेकला तिथेच राहिला. शिव्या परत घेतो, गुडघ्यांची माफी वेगळी मागितलीय. उंची वाढल्यामुळे केबिनच्या छपरावरून पुढचं स्पष्ट दिसतं, ही अपेक्षा नसताना मिळालेली मजा. पण डेकवरच्या ताडपत्रीचा सांगाडा होता त्याच उंचीवर राहिला. मी साडेपाच फूट, मला चालतं. सहा फुटी मित्र आला होता, तो फॉक्सटनचे दहाही लॉक मान वाकडी करून उतरला.

खर्च कुकर धरून ६७० पौंडांच्या घरात. पुन्हा करेन का? डेक हो, भोकं याच जागी नाही. ती चार सेंटिमीटर वर घेता येतील, पण त्यासाठी डेकही तेवढाच वर न्यावा लागेल, आणि तो वर नेला की मग माझंही डोकं सांगाड्याला.

आई-बाबा जूनमध्ये परत येतायत. टेपची खूण अजून तशीच आहे. आईने परवा फोनवर विचारलं, "ते पाण्याचं झालं का?" मी म्हटलं, झालं, फक्त बाबांनी पुढे बसायचं. मागून बाबांचा आवाज आला, "मी पुढे, आणि चकल्या?"