जुन्या सीजे-३बीचे ब्रेक: काम केल्यानंतरचे दहा महिने

गेल्या मे महिन्यात आमच्या जीपच्या ब्रेकचं काम पुरं झालं. आता मार्च चालू आहे. या दहा महिन्यांत गाडी साधारण अडीच हजार किलोमीटर फिरली: यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली, मेढ्यावरून केळघर घाट आणि मध्ये अख्खा पावसाळा. ज्यांच्या दारात अशी जुनी जीप आहे आणि ब्रेकपायी ती उभी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

गाडी वडिलांची. उंच बॉनेटची महिंद्रा सीजे-३बी, पेट्रोल. चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) पायाखाली पत्र्याच्या आत. ऑइलचं सर्किट एकच, म्हणजे एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून हिच्या ब्रेकमध्ये ‘चालवून घेऊ’ हा प्रकार मला मान्य नाही.

दुखणं असं सुरू झालं. साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या चढाला गाडी ओढेना. इंजिनावर संशय घेऊन मी तशीच रेटली. वर पोचल्यावर जळका वास आला. डाव्या पुढच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्रकन वाफ झाली. थोडं थांबून परत फिरलो आणि उतारावर दुसऱ्याच वळणाला पॅडल फळीला टेकलं. दुसरा गिअर होता म्हणून डोंगराच्या कडेला धरून गाडी थांबवता आली. तो घाट उतरताना बायको आणि मुलगी मागे बसलेल्या होत्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

पॅडल का बसलं हे नंतर कळलं. ब्रेक न सुटल्यानं चाक अडकून राहिलं, ड्रम तापला आणि त्याची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली. डॉट-३ ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मुरलेल्या ऑइलची हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर नवा टाकला. पॅडल कडक झालं, पण डावं चाक तापायचं थांबलं नाही. मग मास्टरचं किट (आतली रबरं) बदललं, पुन्हा नळीतली हवा म्हणजे एअर काढली. पॅडल वर लागावं म्हणून पॅडल आणि मास्टरमधला रॉडही ताणून दिला. त्यानंतर चारही चाकं धरायला लागली, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक सुटेना! पैसे गेले ते गेलेच, वर गाडी आधीपेक्षा वाईट झाली.

शेवटी एमआयडीसीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, “मालक, मास्टरला हात लावू नका. आधी कुठलं चाक धरतंय ते बघू.” चारही चाकं उचलून हातानं फिरवली. चारही जड. मग पॅडल बोटानं दाबून बघितलं तर मोकळीक शून्य. पॅडल सोडलेलं असताना मास्टरच्या पिस्टनचा कप थोडा मागे यावा लागतो, तेव्हाच ऑइल परतायचं बारीक भोक उघडतं. रॉड ताणला की ते भोक झाकलेलंच राहतं आणि दर दाबाला थोडा दाब आत अडकत जातो. रॉड ढिला करून अर्ध्या इंचाची मोकळीक दिली. तीन चाकं सुटली. डावं पुढचं तसंच.

आता खरी परीक्षा. त्यांनी हाताखालच्या मुलाला पॅडल दाबून सोडायला सांगितलं. डाव्या चाकाकडे जाणारा रबरी होज आहे, त्याच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाईप पान्यानं किंचित ढिला केला. चाक हललं नाही. पाईप परत आवळून चाकाचं एअर काढायचं निपल उघडलं, तर ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. दाब होजच्या अलीकडे नव्हताच, पलीकडे कोंडला होता. होज काढून त्यांनी मधोमध कापून दाखवला. बाहेरून धड, आत रबर फुगून भोक सुईएवढं राहिलेलं. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जायचं, पण ड्रमला आतून घासणाऱ्या शूच्या स्प्रिंगला ते मागे ढकलता येत नव्हतं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मास्टरचा खर्च वाचला असता. सगळी चाकं धरत असतील तर पॅडलची मोकळीक आणि मास्टर बघा. एकच चाक धरत असेल तर त्या चाकाचा होज, व्हील सिलिंडर (चाकात शू ढकलणारा) आणि स्प्रिंग बघा. बदलायला घेण्याआधी निपल उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

मग गाडीचे सगळे होज बदलले, व्हील सिलिंडरना किट टाकली, शूवर नवे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) लावले. ड्रम लेथवर टर्न केले. मिस्त्रींनी ड्रमच्या आत खडू फासून शू घासून बघितला, तर लायनरवर खडू फक्त मधोमध लागला. म्हणजे कडा टेकतच नव्हत्या. लायनर घासून, खडू बऱ्यापैकी सगळीकडे लागेपर्यंत त्यांनी तीन वेळा हेच केलं. मला या कामाचं सगळ्यात जास्त मोल वाटतं, कारण नव्या लायनरचं अंग ड्रमला बसलं नाही तर ब्रेक आठवडेच्या आठवडे लागत नाही. जुन्या लायनरची धूळ मात्र हवेच्या पाईपनं उडवू देऊ नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. एअर काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी. उजव्या स्टिअरिंगच्या आमच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

पावसाळा बरा गेला. बामणोलीच्या बाजूला ओढ्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिल्या दाबाला ब्रेक जवळपास नसतोच. पलीकडे निघाल्यावर पॅडलवर हलका पाय ठेवून शंभर-दोनशे मीटर गेलं की लायनर वाळतात. आठवडाभर उभी राहिली तर सकाळी गाडी एका बाजूला ओढते, तो ड्रमवरचा गंज. दोन-चार ब्रेक मारले की जातो. सप्टेंबरमध्ये मात्र मागच्या एक्सलचं सील गेलं आणि गिअर ऑइल डाव्या लायनरवर उतरलं. ते धुऊन भागत नाही, लायनर बदलावेच लागले. साधारण हजार किलोमीटरला शू ॲडजस्ट करतो.

तक्रार एकच. पाय अजूनही जोरात द्यावा लागतो, नव्या गाडीसारखी ही थांबत नाही. पुणे-बंगळूर हायवेवर साठच्या वर नेत नाही आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे. चालत्या गाडीत तो ओढला तर सगळा झटका शाफ्टवर आणि मागच्या एक्सलच्या गिअरवर येतो, म्हणून तो फक्त उभ्या गाडीला.

गेल्या रविवारी चाकं उचलून फिरवली, चारही मोकळी. मागच्या उजव्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली, अजून थेंब नाही. किट आणून ठेवलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत ते चाक उघडणार आहे.