पेडण्याचं घर की पर्वरीचा फ्लॅट? आधी जुलै बघून या

मस्कतहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, गावचं घर दुरुस्त करू की पर्वरीला फ्लॅट बघू? एकदाच काय ते सांग." गाव म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाचं पेडणे, आणि पर्वरी पणजीला लागून. मी सतरा वर्षं दुबईत आहे, पुढच्या वर्षी कायमचा परततो आहे आणि गेलं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार असेल असं त्याला वाटलं. होतंही, पण ते सांगायला तास गेला. आखातातले बरेच गोंयकार याच पेचात असतात, म्हणून ते बोलणं जरा नीट लावून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण गोवा पाहतो तो रजेत. चवथीला (गणेश चतुर्थीला) येतो तेव्हा माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची आरास, बांधलेली असते, घर माणसांनी भरलेलं असतं. मे महिन्यात मानकुराद आंबा असतो. डिसेंबरात हवा अशी की कुठेही राहावंसं वाटतं. या दिवसांत गावचं घर बघा नाहीतर नवा फ्लॅट बघा, दोन्ही आवडतातच. सतरा वर्षांत मी गोव्याचा जुलै एकदाच पाहिला, २०१९ साली, वडील आजारी होते म्हणून, दहा दिवस. खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्या दहा दिवसांतलं आहे.

छप्पर

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. दुबईत सरासरी १०० मिलिमीटरही होत नाही. १६ एप्रिल २०२४ ला तिथे एका दिवसात जो कोसळला त्याने रस्त्यांचे ओढे झाले आणि विमानं अडकून पडली. अशा जागी सतरा वर्षं काढली की पावसापासून घर राखायची सवयच मोडते.

पेडण्यातलं आमचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. दर वर्षी मे संपायच्या आत कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचं. हे करणारा वाड्यावरचा माणूस आता शिडी चढत नाही आणि त्याच्या मुलांना त्या कामात रस नाही. बाहेरचा मजूर मिळतो, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात तो सगळ्या गावालाच हवा असतो. शिवाय वानर. पाडेली (नारळ पाडणारा) वेळेवर आला नाही तर नारळ तेच उतरवतात आणि जाता जाता चार कौलंही.

त्या जुलैत चौथ्या दिवशी माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी आली. आठव्या दिवशी बॅगेवर. तेव्हाच ठरवलं की दुबईतला चामडी सोफा कार्गोत घालायचा नाही. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही घालू नका, मग घर कुठलंही निवडा.

फ्लॅट काही कोरडा असतो असं नाही. वरचा मजला असला तर गच्चीतून पाझरतं, पश्चिमेची भिंत असली तर भिंतीतून. पण तिथे गळतीची तक्रार करता येते, गावात गळतीखाली टोप ठेवावा लागतो. वीज गेली की बिल्डिंगमध्ये निदान लिफ्टपुरता जनरेटर सुरू होतो. गावात तारेवर माडाचं चुडत पडलं की सकाळपर्यंत मेणबत्ती. बांयला (विहिरीला) पाणी भरपूर, पण पंपाला वीज हवी. इन्व्हर्टर लावला तरी त्यावर पंखे-दिवे चालतात, पंप नाही.

छपराच्या बाबतीत फ्लॅट सरळ पुढे आहे. गावच्या घरात राहायचंच असेल तर कौलांवरून पत्र्याचं दुसरं छप्पर घालण्याचा खर्च आधीच धरा. दिसायला वाईट दिसतं. आईने आठवडाभर नाक मुरडलं. पण शेजारच्या चार घरांनी तेच केलं आहे.

सह्या

आमचं घर एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा सातबारा) आजोबांच्या नावावर, घरपट्टीच्या पावतीवर मोठ्या काकांच्या आणि विजेच्या मीटरवर वडिलांच्या. तिघेही आता नाहीत. घरात दिवा लावते आई, आणि तिचं नाव कुठेच नाही.

गोव्याबाहेरच्या मित्रांना हे समजावताना दमछाक होते. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट अजून चालते. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला आहे, पण मूळ तत्त्वं तीच. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे आत्यांचा वाटा आला, आणि त्यांची लग्नं गोव्यातच नोंदलेली असल्यामुळे त्यांच्या यजमानांच्या सह्याही आल्या. मी बसून मोजल्या, अकरा होतात. दोन ठाण्यात, एक बेळगावात, एक लिस्बनमध्ये. भांडण कोणाचंच नाही, उलट सगळे "तू राहा रे, घर तरी जागं राहील" असंच म्हणतात. पण प्रेमाने म्हणणं वेगळं आणि इन्व्हेंतारात (वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या प्रक्रियेत) वाटा सोडणं वेगळं, हे प्रत्येक घराला कधी ना कधी कळतं. कागद होण्याआधी तुम्ही पंधरा-वीस लाख त्या घरात ओतले तर ते अकरा जणांच्या घरात ओतलेले असतात. आवारात मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याच्याशी नीट बोलून मगच कुंपणाचा विचार करा.

फ्लॅटला विकणारा एक, दस्त एक. तिथे बघायचं ते हे: जमिनीची सनद (बिगरशेती परवानगी) झाली आहे का, ऑक्युपन्सी (राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळाली आहे का, बांधकाम चालू असेल तर रेराची, म्हणजे बांधकाम नियामकाची, नोंदणी आहे का. चालू बांधकामातल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्ण होऊन दाखला मिळालेल्यावर लागत नाही. सामाईक मिळकतीत लग्न झालं असेल तर फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर घेतला तरी बायको अर्धी मालकीण असते आणि उद्या विकताना तिची सही लागते. हे बायकांना सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक. आखातातून भावाला किंवा मेहुण्याला मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा, आणि गोव्यात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. माझं एक मुखत्यारपत्र पाकिटातच जुनं झालं. पुन्हा रांग, पुन्हा फी.

"मग गावातच जमीन घेऊन नवं घर बांधतो," हा तिसरा विचार चुलतभावाने मध्येच काढला. परदेशस्थ असेपर्यंत शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. परतून रहिवासी झाल्यावरही भातशेतीला २०२३ चा गोव्याचा कायदा आडवा येतो, शेतकरी नसलेल्याला ती विकता येत नाही. तेव्हा सनद झालेलाच तुकडा बघावा लागतो आणि त्याचा भाव मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात विचारू नये असा आहे.

सून आणि शेजारीण

इथवर फ्लॅट पुढे, हे मी बायकोला वहीत मांडून दाखवलं. तिने वही बाजूला केली. "तुझ्या यादीत मी कुठे आहे?"

ती दुबईत एका कंपनीत हिशेब बघते. सकाळी साडेसातला बाहेर, सहाला घरी, स्वयंपाक दोघांनी मिळून. गावच्या घरात ती सून आहे. मी परतलो की मला लोक विचारणार, कित्याक रे इलंस परत (का रे आलास परत)? तिला कोणी विचारणार नाही, कारण सुनेने घरी असणं यात विचारण्यासारखं काही नाही. चवथीच्या पाच दिवसांत सुनेची कामं ती हौसेने करते. बारा महिन्यांचं गणित वेगळं. तिच्या नोकरीच्या जागा पणजी-पर्वरी-म्हापशाकडे आहेत. पेडण्याहून रोज जायचं तर कदंबा बसची वेळ बघा नाहीतर पावसात स्कूटर. फ्लॅटमध्ये ती कोणाची सून नसते, शेजारीण असते.

परतण्याच्या चर्चा पुरुष करतात तेव्हा कौलं, कर आणि कार्गो यांवर बोलतात. मीही तेच करत होतो.

दुसऱ्या बाजूला आई आहे. ७६ वर्षांची, आणि फ्लॅटला यायला साफ नकार. "तुळशीला पाणी कोण घालील?" यावर आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

आजारपण आणि काळोख्या खिडक्या

२०१९ च्या त्या जुलैत पहाटे वडिलांना दम लागला. १०८ ला फोन केला. गाडी फाट्यापर्यंतच आली, पुढे पायवाट. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना चिखलातून नेलं. मी बोलावलं होतं एकालाच. मग बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत पावसातला तासाभराचा रस्ता. पर्वरीहून तोच रस्ता एरवी वीस-पंचवीस मिनिटांचा. सध्या उड्डाणमार्गाच्या कामामुळे तिथेही घड्याळाचा भरवसा नाही, पण अंतर ते अंतरच.

वडील बांबोळीत असताना मी आठवडाभर पर्वरीला मित्राच्या फ्लॅटमध्ये झोपायला जात होतो. सात मजल्यांची देखणी इमारत. रात्री खालून मोजलं, तर नऊ खिडक्यांत दिवे. बाकीचे फ्लॅट दिल्ली-मुंबईच्या लोकांचे, डिसेंबरात उघडणारे. पहारेकऱ्याने सांगितलं की चौथ्या मजल्यावर मित्रच एकटा आहे. फ्लॅट घेणार असाल तर ही मोजणी तुम्ही करा, आणि जुलैतच करा. जुन्या वसाहतींत, जिथे शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकरदार राहतात, तिथे खिडक्या उजेडाच्या असतात. तिथली लिफ्ट कुरकुरते, कधी नसतेच. मला तरी ती चालेल.

गावात आषाढात देवळात भजन असतं, हार्मोनियमवाला तोच असतो, आणि उत्सवाच्या नाटकाची तालीम कोणाच्या ना कोणाच्या पडवीत सुरू होते. मला अजून शिपायाचं काम देतात. पर्वरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर हिंदी-इंग्रजीत पार्किंगची भांडणं. हे वजन तराजूत किती धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बरंच धरतो.

मासळीचं मात्र दोन्हीकडे सारखं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) खारं किंवा खाडीचं जे मिळेल ते. दुबईच्या बाजारात बारमाही इसवण (सुरमई) खाल्लेल्या माणसाला गोव्यात येऊन सुक्या बांगड्यावर दिवस काढायचे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळा आणि पैसे

मुलं असतील तर घराआधी इयत्ता बघा. सीबीएसईत नववी-दहावी एकत्र धरतात, दहावीला मध्येच शाळा बदलणं कठीण. आमची मुलगी आठवीत आहे, म्हणून पुढचं वर्ष. नाहीतर सरळ दहावी उरकून अकरावीला. पेडण्यात सीबीएसईला फार वाव नाही. गोवा बोर्ड चालणार असेल तर प्रश्न सुटतो आणि मराठी विषयही नीट मिळतो.

पैशांचं घराशी देणंघेणं नाही, थोडक्यात सांगतो. वर्षाला महिनाभर रजेवर येणारा माणूस ज्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असतो, त्या वर्षी तो करापुरता अनिवासीच राहतो. म्हणून बरेच जण ऑक्टोबरनंतर परततात. त्यापुढेही दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला दोनेक वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो आणि बाहेरच्या उत्पन्नावर इथे कर बसत नाही. परतल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, बँकेला कळवून बदलून घ्यायचं. आरोग्य विमा भारतातला आत्ताच घ्या, जुन्या आजारांची तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आखातात असतानाच सरते. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला ५ वर्षांच्या रहिवासाची अट आहे, तेव्हा उतरल्या उतरल्या तिच्यावर विसंबू नका. आणि वाहन परवाना संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. माझा २०१६ मध्येच संपला.

फोंड्याचंही कोणी विचारतं. मराठी वातावरण, देवळं, नाटकं, ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी जवळ, भाव पर्वरीहून बरे, पणजी पाऊण तासावर. पेडण्यात घर आणि आई नसती तर मी दुसरं काही बघितलंच नसतं.

आम्ही काय ठरवलं

म्हापशाला अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याची जागा. गाव पंधरा-वीस मिनिटांवर, बायकोला नोकरी शोधायला बरं, मुलीची शाळा चालत. त्या अकरा महिन्यांत सह्या होतात का ते बघायचं. झाल्या तर गावच्या घराला पत्रा आणि मागच्या दोन खोल्या नव्याने. नाही झाल्या तर एका जुन्या वसाहतीतला फ्लॅट मी मनात धरून ठेवला आहे. विकत मात्र पहिल्या वर्षी काहीच घ्यायचं नाही, ही बायकोची अट, आणि ती मी लेखी दिली आहे.

चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे तुझंही ठरलेलं नाही." मी त्याला जुलैच्या पहिल्या आठवड्याचं मोपाचं तिकीट काढायला सांगितलं. पाच दिवस गावात, पाच दिवस पर्वरीला भाड्याने. चामड्याचे बूट आणू नको, हेही सांगितलं.