सव्वा किलोची गोडी: घरच्या रॉड-प्लेट सेटचे अकरा महिने

गेल्या श्रावणात पाच फुटी रॉड, चौदा इंची डंबेल रॉडची जोडी आणि तीस किलोच्या लोखंडी प्लेट असा सेट घरी आला. पाच-पाच किलोच्या चार, अडीच-अडीचच्या चार. एकूण साडेपाच हजार रुपये. अकरा महिने आठवड्यातून तीनदा वापरला, दोन पावसाळे पाहिले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर प्लेटच्या रंगाबद्दलच लिहिलं असतं.

मी ४८ वर्षांची आहे. सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर. दिवसाचे आठ तास खुर्चीत जातात. याआधी दोनदा जिम लावली होती. दोन्ही वेळा वर्षाची फी भरली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात सुटली. तिथे गेल्या गेल्या वजनकाट्यावर उभं करायचे आणि किती किलो कमी करायचे तो आकडा कागदावर लिहून द्यायचे. मग रोज तोच काटा. मी काय उचललं, कालच्यापेक्षा आज काही बरं जमलं का, हे कुणी विचारत नसे. आवड लागायला काहीतरी वाढताना दिसावं लागतं, आणि तिथे फक्त कमी करायची गोष्ट होती. हे मला तेव्हा कळलं नाही, आळस माझाच असं धरून बसले.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला खाटेवरून उठवून बसवणं हे माझं काम. आठवड्यात माझी कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी तिला तपासता तपासता मलाही सांगितलं, की पाळी गेल्यावर बायकांची हाडं जास्त वेगाने झिजतात, आणि नुसतं चालून भागत नाही, हाडावर आणि स्नायूवर भार यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० सालचं मार्गदर्शनही हेच सांगतं: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. आईला सोडून जिमला जाणं शक्य नव्हतं. म्हणून हा सेट.

आता सेटबद्दल. प्लेट ओतीव लोखंडाच्या आहेत. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट स्वस्त मिळतात, पण त्या इतक्या जाड असतात की डंबेल रॉडवर दोन-तीन चढल्या की जागा संपते. लोखंडी घेतल्या हे बरं झालं. मात्र वजनात घोळ निघाला. पहिल्या दिवसापासून रॉड उचलला की उजवीकडे कलायचा. मला वाटलं माझा डावा हात कच्चा आहे. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकेक प्लेट काट्यावर ठेवून घेतली. '५' छापलेली एक भरली ४ किलो ७२०, दुसरी ५ किलो १५०. त्याच दोन मी समोरासमोर लावत होते! मग सगळ्या मोजल्या, सारख्या भरणाऱ्यांच्या जोड्या लावल्या आणि नेलपॉलिशने खुणा केल्या. तुम्हीही सेट घेतला की हे पहिल्याच दिवशी करा. वहीत मी छापील आकडेच लिहिते, कारण तुलना माझी माझ्याशीच आहे. रॉड सात किलोचा, तो मात्र बरोबर भरला.

सुरुवातीचे दोन महिने मजेत गेले. नुसता रॉड डोक्यावर ढकलायलाही आधी धाप लागायची. पंधरा दिवसांत तो हलका वाटू लागला. या पहिल्या आठवड्यांत स्नायू काही फुगत नाहीत. असलेले स्नायू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू आणि नसा शिकत असतात, ताकद तिथून येते. मला तर हे टाइपरायटिंग शिकल्यासारखं वाटलं: बोटं तीच, पण एक दिवस न बघता अक्षरं पडू लागतात.

दसऱ्याच्या सुमारास गाडी अडली. डोक्यावर ढकलायचा व्यायाम, ज्याला प्रेस म्हणतात, त्यात मी १७ किलोवर होते. रॉडचे सात, दोन्ही बाजूंना पाच-पाच. सेटमधली सगळ्यात छोटी प्लेट अडीचची, आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते, म्हणजे पुढची पायरी थेट २२. सतरावरून बावीस म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांची उडी. रॉड कपाळापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. पाच आठवडे तेच. सोमवारी कपाळ, बुधवारी कपाळ, शुक्रवारी कपाळ. जिम सोडायच्या आधी जसं वाटायचं तसंच पुन्हा वाटू लागलं. सकाळी उठून आधी कारण शोधायचं.

दिवाळीनंतर दुकानात सहज विचारलं तर तिथे सव्वा किलोच्या प्लेट होत्या. चार घेतल्या, सातशे रुपयांना. बशीएवढ्या दिसतात. त्याच संध्याकाळी साडेएकोणीस लावलं. रॉड कपाळाशी आला, अडला, मला वाटलं झालं, आणि मग अगदी सावकाश, तसूतसूने वर सरकला. कोपर सरळ झाले. चारदा झालं. आई आतून म्हणाली, "काय गं, पडलं का काही?" मी ओरडले होते, हे मला तिच्या प्रश्नावरून कळलं.

माझं या सेटबद्दलचं मुख्य म्हणणं हेच आहे. विक्रेते सेटमध्ये मोठ्या प्लेट देतात, कारण एकूण किलोचा आकडा मोठा दिसतो. गोडी मात्र छोट्या प्लेटमध्ये असते. 'मन लागत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा पुढची पायरीच फार उंच असते. पायरी बुटकी केली की पाय आपोआप उचलतो. जानेवारीत मी २२ ला पोचले. सव्वादोन महिन्यांपूर्वी जे हलत नव्हतं ते वजन तीन फेऱ्यांत पाच-पाच वेळा झालं.

पुढे सव्वाचीही उडी मोठी वाटू लागली, तेव्हा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेले. त्याला सांगितलं, अर्ध्या किलोच्या दोन चकत्या हव्यात, मधलं भोक रॉडला बसेल असं. त्याने चार इंची सळईतून नऊ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दोन चकत्या कापल्या, मधे भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. कशाला हव्यात ते ऐकल्यावर त्याने स्वतःहून एक चकती पुन्हा काट्यावर ठेवली आणि दहा ग्रॅम जास्त भरली म्हणून परत मशीनवर चढवली. माझ्या सगळ्या सामानात नेमक्या वजनाच्या तेवढ्याच दोन वस्तू आहेत.

सांगलीकरांना एका किलोची किंमत वेगळी सांगायला नको. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात दोन प्रकारांत ११३ आणि १३५ असे मिळून २४८ किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूने २४९. कोपराला दुखापत झाली तरी संकेत शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला होता. पानाची टपरी चालवणाऱ्या घरातला मुलगा. त्या दिवशी रौप्यपदकाचा आनंद आणि त्या एका किलोची हळहळ गल्लीत सगळ्यांना एकदमच झाली होती. मला तेव्हा एक किलो म्हणजे साखरेची पिशवी एवढंच माहीत होतं. आता अर्ध्या किलोची चकती लावताना तो एक किलो काय असेल हे थोडंसं कळतं.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहणं, हा माझा सगळ्यात लाडका व्यायाम. इथे सेटची एक अडचण आहे. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या पाच किलोच्या प्लेट लहान, रॉड पार घोट्याशी. तेवढं वाकलं की पाठ गोल होते. मी दोन्हीकडे जेवायचे पाट ठेवले आणि प्लेट त्यावर टेकवल्या. उंची बरोबर आली. जानेवारीत दहाच्या दोन प्लेट आणल्या, त्या मोठ्या, तेव्हापासून पाटांऐवजी गोधडीची घडी पुरते. गोधडीने आवाजही मरतो. खालच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या आता काही ऐकू येत नाही.

या व्यायामातला एक क्षण मला फार प्रिय आहे. रॉड धरला, श्वास पोटात भरला, पाय जमिनीत रोवले, आणि तरी काहीच हलत नाही. एक सेकंद, दीड सेकंद. सगळं अंग ताणलेलं, प्लेट अजून गोधडीवर. मग कधीतरी ती बारीक 'खट्' येते, प्लेट रॉडला घट्ट लागल्याची, आणि वजन उठतं. त्या दीड सेकंदात पतसंस्था नसते, थकलेले हप्ते नसतात, रात्रीची भाजी नसते. दिवसभरात माझं मन इतकं एका जागी दुसऱ्या कुठल्याही वेळी नसतं. (रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असेल तर असा श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना विचारा. रोखलेल्या श्वासाने दाब चढतो.)

कमरेत वाकायचं नाही, खुब्यातून मागे जायचं, हे या व्यायामाने शिकवलं. त्यानंतर आईला उठवताना माझी कंबर एकदाही धरली नाही.

आणि वही. वही आईने घेतली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. मी आधी कॅलेंडरवर आकडे खरडत होते, ते तिला बघवेना. तिने शंभर पानी वही मागवली, पट्टीने रकाने आखले: तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, शेरा. मी व्यायाम करते तेव्हा ती खुर्चीत बसून मोजते. अर्धवट झालेला मोजत नाही. मी कितीही सांगितलं तरी नाही. शेऱ्यात ती 'पाठ सरळ', 'घाई केली', 'झोप कमी' असं लिहिते, आणि नवा आकडा झाला की लाल पेनाने 'शाबास'. ४८ व्या वर्षी आईच्या हातचं शाबास मिळवायला मी सकाळी सहाला उठते, हे मी मनापासून सांगते. फिजिओथेरपिस्टने तिला खुर्चीतून उठून बसायचा व्यायाम दिला होता, तो ती कंटाळा करायची. आता माझ्या दोन फेऱ्यांच्या मधे ती तो करते, आणि मी मोजते. हाताचा आधार न घेता आधी एकदाही जमत नव्हतं. आता सलग सहा होतात. तिच्यासाठी वहीत वेगळा रकाना आहे.

मन नसेल त्या दिवशी काय, हे सगळे विचारतात. माझा ठराव असा, की नुसत्या रॉडने एक फेरी करायची आणि मग हवं तर थांबायचं. थांबायची खरोखर मुभा, नंतर हळहळायचं नाही. अकरा महिन्यांत १२१ नोंदी आहेत, त्यातल्या चार 'फक्त रॉड' अशा. ताप आला, दिवाळी आली, मार्चअखेर आला, तेव्हा दिवस बुडले. परत आल्यावर दहा टक्के उतरून सुरू केलं, दोन आठवड्यांत पूर्ववत.

तक्रारी आहेतच. रॉडच्या टोकाचे नट सैल होतात, दर फेरीआधी आवळावे लागतात. एकदा एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी काढल्या आणि टेबलावर ठेवलेला रॉड दुसऱ्या बाजूने उलटला. फरशीचा टवका उडाला, पाय थोडक्यात वाचला. दोन्ही बाजूंच्या एकेक करून काढायच्या, हे तेव्हापासून पक्कं. पकडीच्या जागेवरची खरखरीत खाचांची जाळी उथळ आहे, घामाने रॉड निसटतो, मी हाताला खडू लावते. रंग चार महिन्यांत सुटू लागला. पावसाळ्यात प्लेटवर गंज चढतो, आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवते. तळहाताला घट्टे पडलेत. नोटा मोजताना ते जाणवतात आणि मला आवडतात.

खाण्याबद्दल थोडंच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. माझं वजन ६१, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास. मी हिशेब केला तर तेवढीही पोटात जात नव्हती. प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकत घेतले नाहीत. रोज दोन अंडी, घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि रात्री ताकाऐवजी दही. पहिल्या महिन्यातली अंगदुखी दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असायची, आता क्वचित येते.

घ्यावा का? घरात सहा फूट बाय सहा फूट मोकळी फरशी असेल तर जरूर घ्या. तीस किलोचा तयार सेट घेण्याऐवजी वीस घ्या आणि उरलेल्या पैशांत सव्वाच्या चार प्लेट आधी घ्या. पाय आणि पाठ लवकर पुढे जातात, मोठ्या प्लेट नंतर कधीही आणता येतात. आणि पहिला आठवडा कुणा जाणत्याकडून वाकायची पद्धत शिकून घ्या, मी ती उशिरा शिकले.

प्रेस आता साडेपंचवीसवर आहे. रॉड, आणि प्रत्येक बाजूला पाच, अडीच, सव्वा, अर्धा. गेल्या शुक्रवारी डेडलिफ्टला घरातली प्रत्येक प्लेट रॉडवर चढली, लेथवाल्याच्या चकत्यांसकट. ६३ किलो, माझ्या वजनापेक्षा दोन जास्त. तिसऱ्यांदा उचलताना वेळ लागला, पण आईने तो मोजला. लाल पेन बंद करून तिने रिकाम्या फरशीकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, आता सोमवारी काय लावणार?" दुकानात आणखी दोन प्लेट बाजूला ठेवायला सांगितल्यात. सव्वाच्याच.